‘बघण्यासारखं काय आहे?’ : महाराष्ट्राच्या सहल-याद्यांची एक समीक्षा



मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी सुचवलं, सर, पुढच्या वेळी जरा हलका विषय घ्या. म्हणून आज सहलीवर बोलणार आहे. आता हलका विषय तत्त्वज्ञानाच्या माणसाच्या हाती दिल्यावर किती वेळ हलका राहतो, ते आपण बघूच. (हशा)

आपल्याच राज्यात फिरायला निघालेल्या माणसासाठी मराठीत एक वाङ्मयप्रकार कधीचा चालू आहे: ‘महाराष्ट्रातील पाहण्यासारखी ठिकाणे’. पूर्वी तो एसटी स्टँडवरच्या पातळ पुस्तिकांत आणि सुट्टीच्या दिवसांतल्या पुरवण्यांत असायचा, आता फोनवर असतो. घाट मात्र तोच. ठिकाणाचं नाव, अंतर, तीन-चार ओळी वर्णन, त्यात ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले’ हे शब्द हमखास, मग ‘करण्यासारख्या गोष्टी’ आणि शेवटी राहण्या-जेवणाची सोय. याला वाङ्मयप्रकार म्हटलं म्हणून साहित्याचे प्राध्यापक रागावतील. पण जो मजकूर लाखो माणसं वाचतात, आणि वर्षातले मोकळे असे चार दिवस ज्याच्या भरवशावर आखतात, त्याची समीक्षा करायला काय हरकत आहे?

सुरुवातीला एक गोष्ट साफ करतो. मजेच्या विरुद्ध माझं काहीएक म्हणणं नाही. गुहागरच्या वाळूत पोरं लोळतात, कोकणकड्यावर वारा अंगावर घेत कुणी उगाच ओरडतं, जत्रेतल्या पाळण्यात सत्तरीच्या आजीबाई डोळे मिटून बसतात, ही चांगल्या आयुष्याची लक्षणं आहेत. जर्मन विचारवंत गाडामर यानं 1960 साली आलेल्या आपल्या मुख्य ग्रंथात खेळाचा फार गंभीरपणे विचार केलाय. त्याचं म्हणणं सोप्या मराठीत सांगायचं तर असं: आपण खेळ खेळत नाही, खेळच आपल्याला खेळवतो. जो खेळात शिरतो तो स्वतःला थोडा वेळ विसरतो. मजा म्हणजे हे विसरणं. तेव्हा माझी तक्रार मजा फार होते अशी नाहीच. या याद्या मजा होऊच देत नाहीत, ही माझी तक्रार आहे. त्या आपल्याला खेळात घेत नाहीत, कठड्याशी उभं करतात.

‘कठडा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. या याद्यांमधलं सगळ्यात लाडकं नाम कोणतं, सांगा बरं? पॉइंट. सनसेट पॉइंट, इको पॉइंट, व्ह्यू पॉइंट. हा शब्द आपल्याकडे आला कुठून?

तो आला इंग्रजांच्या गिरिस्थानांबरोबर. महाबळेश्वरचं गिरिस्थान 1828-29 च्या सुमाराला गव्हर्नर माल्कम यांच्या काळात वसलं. तिथल्या पेठेला माल्कम पेठ म्हणत. माथेरान 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेत भरलं. उन्हाळ्यात घाट चढून आलेल्या साहेबाला डोंगरात करायचं काय होतं? शेती नव्हती, देव नव्हता, नातलग नव्हते. त्याला हवा हवी होती आणि देखावा हवा होता. म्हणून कड्याच्या टोकाशी जागा साफ झाल्या आणि त्यांना नावं पडली: एल्फिन्स्टन, विल्सन, केट, माथेरानला लुइझा. पॉइंट म्हणजे जिथं उभं राहून, स्वतः सुरक्षित असताना, दूरचं काहीतरी पाहायचं अशी जागा. कांटनं 1790 च्या ग्रंथात ‘उदात्त’ या अनुभवाचा विचार करताना हीच अट घातली होती. खोल दरी, वादळ, खवळलेला समुद्र यांची ओढ वाटते, पण आपण सुरक्षित जागी असू तरच. कांटची ती अट लोखंडात ओतली की पॉइंटचा कठडा तयार होतो!

यात वाईट काही नाही. पण ही पाहण्याची एक रीत आहे, विशिष्ट काळात, विशिष्ट माणसांच्या सोयीनं घडलेली. आपल्या याद्यांनी तीच एकमेव रीत धरली आणि सगळ्या राज्याला लावली. इथं कोकणचा किनारा आहे, सह्याद्रीचा कडा आहे, देशावरची माळरानं आहेत, मराठवाड्यातली जुनी गावं आहेत, मेळघाटापासून भामरागडापर्यंतचं जंगल आहे. इतकं वेगवेगळं असून याद्या वाचताना सगळं सारखंच का वाटतं? कारण प्रत्येक ठिकाणाला एकच प्रश्न विचारलेला असतो: इथं बघण्यासारखं काय आहे? प्रश्न एकच असला की उत्तरंही एकसारखीच येणार.

तीन उदाहरणं घेऊ. तिन्ही ठिकाणं प्रत्येक यादीत असतात.

पहिलं अजिंठा. वाघोरा नदीच्या वळणावरची घोड्याच्या नालेसारखी लेणी आहेत. 1819 साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आलेला असताना त्याला समोरच्या बाजूनं ती दिसली. दहाव्या लेण्यात त्यानं आपलं नाव कोरून ठेवलंय. पर्यटकानं भिंतीवर नाव कोरायची परंपरा अशी जुनी आहे. (हशा) आज समोरच्या त्या बाजूला व्ह्यू पॉइंट आहे. तिथून सुंदर दिसतं, वादच नाही. पण अजिंठा ही आतून अनुभवायची गोष्ट आहे, आणि तिची पहिली अट आहे अंधार. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून पहिल्या लेण्यात पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीसेक मिनिटं लागतात. हे शरीरशास्त्र आहे, यात रसिकतेचा प्रश्न नाही. थांबलात तर पद्मपाणीची झुकलेली मान हळूहळू भिंतीतून पुढे येते, छतावरचे हंस आणि फुलं दिसू लागतात, खांबावरची ती चार हरणं आणि त्यांचं एकच डोकं कळतं. आपल्या याद्या मात्र सांगतात, ‘अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा : एक दिवस’. म्हणजे डोळा सरावायच्या आत माणूस बाहेर. जे वर्षानुवर्षं ऐकलं ते ‘पाहून’ झालं, दिसलं मात्र काही नाही.

दुसरं कास. साताऱ्याजवळचं हे पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या इतर भागांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, त्यावर पावसाळा सरता सरता उमलणारी फुलं. यादीत त्याचं नाव ‘फुलांचा गालिचा’. माणसं गालिचा शोधत येतात आणि बरेच जण हिरमुसतात, कारण बहुतेक फुलं बोटाच्या पेराएवढी असतात. तिथं वाकावं लागतं. सीतेची आसवं नावाचं ते निळं-जांभळं फूल नाजूक दिसतं, पण ती वनस्पती पाण्यातले बारीक जीव पकडून खाते. दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती चिकट थेंबांवर कीटक धरते. मातीत पोषण नाही म्हणून त्यांनी काढलेली ही वाट. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. हे कळल्यावर लहान पोरगंसुद्धा गुडघ्यावर बसून अर्धा तास हलत नाही. मजा म्हणतात ती हीच. ‘गालिचा’ हा शब्द ती हिरावून घेतो, कारण गालिच्यावर माणूस पाय देतो. कासच्या पठारावर नेमकं तेच झालं, आणि मग रोजच्या माणसांवर मर्यादा घालायची वेळ आली.

तिसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या तोंडावर, भंडारदरा-पुरुषवाडीच्या बाजूला, राजमाचीच्या जंगलात काजवे चमकतात. झाडंच्या झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात. गेल्या काही वर्षांत हे मोठं आकर्षण झालं. आता काजवा का चमकतो? नर मादीला खूण देतो, मादी उत्तर देते. पूर्ण वाढ झाल्यावर त्यांच्याकडे फार तर काही आठवडे असतात. ती सगळी भाषा प्रकाशाची, आणि ती अंधारातच बोलता येते. तिथं रात्री गाड्यांची रांग लागते, हेडलाइट, मोबाइलचा टॉर्च, फ्लॅश. दोन माणसं हळू आवाजात बोलत असताना मध्ये लाउडस्पीकर लावावा, तसं हे आहे. ज्या गोष्टीच्या ओढीनं आपण गेलो, आपल्या जाण्यानंच ती मिटते. यादीत ‘काजवा महोत्सव, जरूर पाहा’ असं असतं. ‘दिवा बंद करून, एका जागी, गप्प बसा’ असं क्वचित. वास्तविक महत्त्वाची सूचना तीच आहे.

या तिन्ही ठिकाणी एक समान धागा आहे. अजिंठा थांबायला सांगतो, कास वाकायला सांगतं, काजवे गप्प बसायला सांगतात. प्रत्येक जागेची आपल्याकडून काहीतरी मागणी असते, आणि ती पुरी केली की जागा खुली होते. आपल्या परंपरेत रसिकाला ‘सहृदय’ म्हणतात. कलाकृतीला सामोरं जायला प्रेक्षकाचीही तयारी लागते, हे त्या शब्दात गृहीत आहे. आपल्या याद्यांना सहृदय नको असतो. त्यांना गिऱ्हाईक हवं असतं.

‘अहो, पण हे आधुनिक पर्यटन आहे, त्याला दुसरा नमुना कुठाय?’ असं कुणी म्हणेल. नमुना आहे, आणि तो मराठीच्या आरंभकाळातला आहे. महानुभाव पंथातली ‘स्थानपोथी’ घ्या. चक्रधरस्वामी जिथं जिथं गेले, बसले, निजले, जेवले, त्या स्थानांची ती नोंद. चौदाव्या शतकातला हा ग्रंथ म्हणजे, भक्तांची क्षमा मागून म्हणतो, मराठीतलं पहिलं स्थलदर्शक पुस्तक. त्याची भाषा किती कोरडी! देऊळ कोणत्या तोंडाचं, आवाराचं दार कुठल्या दिशेला, स्थान दाराच्या कोणत्या अंगाला. विशेषणं जवळजवळ नाहीत. तरीही श्रद्धाळू माणूस ती वाचून नेमक्या ओट्यापाशी पोचतो आणि डोकं टेकवतो. कारण त्या पोथीला ठाऊक आहे की वाचणारा तिथं जाऊन काय करणार आहे. वर्णनाचं काम ती जागेवर सोडते.

दुसरा नमुना आपल्या जत्रांचा. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरवर छापलेली नसते, ग्रामस्थ ठरवतात आणि मग मुंबईचे चाकरमानी रजा टाकतात. नांदेडकडे माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार भरतो आणि लावणीही रंगते. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार असतो. तिथं देव, धंदा आणि मौज वेगळ्या काढता येत नाहीत. जत्रेत प्रेक्षकांसाठी राखलेली जागाच नसते, गेलात की तुम्ही तिचा भाग होता. कठडा नाही. सारंगखेड्याच्या बाजाराला अलीकडे फेस्टिव्हलचं रूप आलं, तंबू आले, कार्यक्रमपत्रिका आली. त्यानं चार पैसे आले असतील तर चांगलंच आहे. पण घोडा घ्यायला आलेला माणूस आणि घोडा बघायला आलेला माणूस यांच्यात आता एक दोरी आली आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

आता माझ्याच मांडणीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप घेतो, कारण तो न घेता पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पॉइंटची एक मोठी पुण्याई आहे: तिथं कुणाचीही जात विचारली जात नाही. तिकीट काढा, उभे राहा. जत्रा आणि वारी यांचं काय? इरावतीबाई कर्वे पंढरीच्या वाटेनं चालल्या. त्यांचा ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख आपल्यातल्या अनेकांनी वाचला असेल. ज्या देशाची माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी नवी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सापडली. पण त्याच लेखात त्यांनी हेही सांगितलं, की एका दिंडीत चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसत, आणि ते त्यांना सलत राहिलं. चोखोबांची समाधी देवळाबाहेर आहे. पंढरीचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून सानेगुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावं लागलं. तेव्हा ‘जुनी वाट चांगली, नवा पॉइंट वाईट’ असं सोपं समीकरण मी मांडू शकत नाही, आणि मांडणारही नाही. काही माणसांना कठड्यापाशी उभं राहून नुसतं बघायला मिळणं, हेसुद्धा स्वातंत्र्य होतं.

मग काय करायचं? याचं उत्तर मला एका नदीच्या काठानं जाताना दिसतं. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर उभे राहिलात तर खाली जी दरी दिसते ती सावित्रीची. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा देवळात ज्या पाच नद्यांची नावं घेतात, त्यांतली ही एक. ही कोकणात उतरते. पॉइंटवर आपण तिचे फोटो काढतो आणि गाडीत बसतो. नदी मात्र पुढे वाहत जाते, आणि महाडवरून जाते.

महाड आपल्या याद्यांत असतं, पण कसं? ‘रायगडला जाण्यासाठी सोयीचे ठिकाण.’ मी चाळलेल्या याद्यांपैकी बहुतेकींत महाडच्या चवदार तळ्याला एक ओळ मिळते किंवा तीही मिळत नाही. आणि याद्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे! तिथं बघण्यासारखं काय आहे? गावातलं एक बांधलेलं तळं आणि त्यात पाणी. कडा नाही, धबधबा नाही, झिपलाइन नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेली हजारो माणसं या तळ्याशी गेली आणि ओंजळभर पाणी प्यायली. पाणी चांगलं होतं म्हणून नाही, तर माणूस म्हणून तो आपला हक्क आहे म्हणून. या राज्यात सार्वजनिक जागा म्हणजे काय, याचा एवढा मोठा धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

या ठिकाणी ‘बघण्यासारखं काय’ हा प्रश्न मुळातूनच कोसळतो. इथं विचारायचं ते ‘इथं कुणी काय केलं, आणि मी काय करायचं?’ आज आपण कुठल्याही धबधब्याखाली, कुठल्याही किनाऱ्यावर, कुठल्याही पॉइंटवर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतो. ती साधी सोय वाटते, पण ती कुणीतरी मिळवलेली आहे. मजेलासुद्धा इतिहास असतो. दर वर्षी 20 मार्चला लोक महाडला येतात, त्यांना कुठल्याही यादीची गरज पडली नाही. याद्यांना मात्र त्यांची गरज आहे. रायगडाच्या पायथ्याशी जाताना वाकडी वाट न करता जे तळं लागतं, ते ज्या यादीत नाही, ती महाराष्ट्राची यादी अपुरी आहे.

समीक्षकानं फक्त मोडू नये, निकषही द्यावेत. मी तीन देतो. कुठलीही यादी हातात आली की तपासून बघा. एक, ती ‘कधी’ सांगते का? फक्त महिना नाही. पहाट की दुपार, अमावास्या की पौर्णिमा, बाजाराचा वार कोणता. दोन, ती जागा आपल्याकडून काय मागते हे सांगते का? थांबणं, वाकणं, चालणं, गप्प बसणं. आणि तीन, तिथं माणसं राहतात हे तिला माहीत आहे का? तिथलं पाणी कोण पितं, रस्ता कुणाच्या शेतातून जातो, आणि पूर्वी कुणाला तिथं येऊ दिलं जात नव्हतं. कासचा तलाव साताऱ्याला पाणी पुरवतो, हे एक वाक्य यादीत आलं तरी बाटली फेकणारा हात थोडा अडेल.

नमुन्यादाखल एक नोंद अशी करून बघतो. धाराशिव जिल्ह्यातलं तेर. याद्यांत ते सहसा नसतं, कारण पॉइंट नाही. मी लिहीन: ‘तेर हे गोरोबाकाकांचं गाव. त्याआधी, दोन हजार वर्षांपूर्वी, तगर नावाची बाजारपेठ. रोमशी व्यापार करणाऱ्या ग्रीक खलाशांच्या लिखाणात तिचं नाव आहे. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू जपल्या, त्यातून संग्रहालय उभं राहिलं. आधी तिथली हस्तिदंती बाई पाहा. तिच्यासारखीच एक मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळाली. मग विटांच्या त्रिविक्रम मंदिरात जा. पाठीमागचा गोलाकार भाग बाहेरून फिरून पाहा, म्हणजे जुन्या चैत्याचा आकार ओळखू येईल. शेवटी गोरोबांच्या समाधीपाशी बसा. घाई करू नका.’ एवढंच. यात विशेषण शोधून दाखवा. ज्याला कंटाळा यायचा त्याला येईल, त्याच्यासाठी समुद्र आहेच, आणि समुद्र काही कमी प्रतीचा नाही. पण ज्याला हे आवडेल त्याला तेरची गल्ली दिवसभर खेळवेल.

दुर्गाबाई भागवतांनी ‘पैस’मध्ये नेवाशाच्या खांबावर लिहिलं. ज्ञानदेवांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात, तो दगडी खांब. त्यात डोळ्यांना सुखावणारं फार काही नाही. पण लिहिणाऱ्या बाईंना तिथं काय विचारायचं ते ठाऊक होतं, म्हणून दगडाला अवकाश लाभला. सगळ्यांनी दुर्गाबाई व्हावं असं म्हणणं वेडेपणाचं ठरेल. चार दिवसांची रजा, गाडीत लहान मूल, मागच्या सीटवर गुडघे दुखणारे आई-वडील, हे आपलं वास्तव आहे. त्या चार दिवसांत आठ पॉइंट करण्यापेक्षा दोन ठिकाणी दोन-दोन दिवस राहिलो तर खर्च कमी, भांडणंही कमी, एवढं तर व्यवहारी माणूसही मान्य करील. (हशा)

वेळ संपत आली, आयोजक घड्याळाकडे बघतायत. उन्हाळ्याची सुट्टी जवळ आलीय, तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर यादी तयारही असेल. ती खोडू नका. तिच्यातल्या एका ठिकाणासमोर ‘बघायचं’ हा शब्द काढून दुसरं क्रियापद लिहा: थांबायचं, वाकायचं, गप्प बसायचं, विचारायचं, ओंजळ भरायची. कुठलं क्रियापद बसतं ते शोधताना सहल निम्मी घडलेली असेल.

आता तुमचे प्रश्न घेतो. मागचे काका मघापासून हात वर करून आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.